विह्याच्या पुढं धक्का

...आन् म्हणतो कसा, "वैनी, गाडीला काय झालेलं न्हाई!" आवं, झालेलं न्हाई म्हणजे? माझी सासू मागच्या सीटवरनं पुढच्या सीटवर यायची तेवढी बाकी राहिली, पट्टा लावला व्हता म्हणून राहिली, आन् हा कोंडीबा मिस्त्री बॉनेटवरनं हात फिरवतोय, म्हशीच्या पाठीवरनं फिरवावा तसा, आन् म्हणं गाडीला काय झालेलं न्हाई! ठेवा, ठेवा, डबे ओळीनं ठेवा, लाईट यायला अजून पाऊण तास हाय, तवर काय गिरणी चालू होत न्हाई. बसा. तुमाला पहिल्यापासनं सांगते, कारण अख्ख्या पाटणात जो भेटंल तो इचारतोय, संयोगिता, तुझ्या गाडीचं काय झालं गं, आन् अर्धंच ऐकून निघून जातोय.

तर गाडी घेतली ती आत्याबाईंसाठी. आमच्या सासूबाई, बनुबाई, वय बहात्तर, दोनी किडन्या दमल्या, आठवड्यातनं दोनदा कराडला डायलिसिस, सोमवारी आन् गुरुवारी. जाताना येष्टी चालंल हो, पण येताना? चार तास ज्याचं रक्त मशिनीतनं फिरवलंय ते माणूस येष्टीत दांडी धरून उभं राहतंय व्हय? आमचे हे, धैर्यशील, फौजेत, सध्या राजस्थानात. मग चालवणार कोण? मीच! आन् माझ्या डाव्या पायावर तीन वर्षांमागं ज्वारीचं पोतं पडलं, हितंच, तवापासनं घोट्यात सळई हाय, क्लच दाबायचा म्हणलं की डोळ्यांपुढं काजवे. म्हणून बिनक्लचची गाडी. ऑटोमॅटिक. आपली आपण गिअर टाकणारी. सांगलीच्या एका रिटायर डॉक्टरांची वापरलेली, नऊ वर्षांची, पण आत बसलं की अत्तराचा वास! डॉक्टर म्हणाले, "घर ते दवाखाना, एवढीच चालली आहे हो." महिनाभर अशी चालली, अशी चालली, की आत्याबाई म्हणायच्या, "सयू, निघालो का गं आपण?" आन् आमी मल्हारपेठेत पोचलेलो असायचो!

आन् मग एक दिवस सुरू झालं. विहे गावाच्या जरा पुढं गेलो, दुसऱ्यातनं तिसऱ्यात जायची येळ, तर गाडी जरा थांबली, इंजिन नुसतंच ओरडाय लागलं, वर्र्र्र्र, काटा वर चाललाय पण गाडी हाय तेवढीच, आन् मग मागनं कुणी लाथ घातल्यागत... धाडकन! "आगं आई गं!" आत्याबाई. पुढं परत वर्र्र्र, धाडकन! "आगं आई गं!" कराड येस्तोवर आईचा नुसता जप!

तर नेली कोंडीबाकडं. कोंडीबानं गाडी कुठवर चालवली म्हणता? पाटणच्या स्टँडपर्यंत. गेला आन् आला. गाडी कशी, तर शहाण्या मुलीगत, चूं न्हाई चां न्हाई. उतरला, किल्ली माझ्या हातात दिली, म्हणला, "गाडीला काय झालेलं न्हाई, वैनी. तुमी दचकता. बायामाणसाचा पाय दचकतो." मी दचकते? दहा वर्षं गिरणी चालवतीय, तीन फेजची मोटार माझ्या कानाशी कोकलतीय, आन् मी दचकते! मी म्हणलं, बरं. पण सोडणारी मी न्हवं.

ह्यांना फोन केला. हे तिकडनं, "देख, क्लच आराम से छोड." मी म्हणलं, "अवं, क्लच न्हाई या गाडीत!" तर म्हणतात, "फिर भी, आराम से छोड." वीस वर्षं फौजेत ऑर्डर देऊन देऊन माणूस असा होतो. शेवटाला म्हणाले, "गाडी में कुछ नहीं है, संयोगिता, तू टेन्शन लेती है." म्हणजे तेच! हिंदीतनं!

मग म्हणलं मोठ्या ठिकाणी दाखवावी. कराडला हायवेला एक भलंमोठं गॅरेज हाय, काचेचं. नाव नगो. तितं गाडी आत घ्यायच्या आधी आपल्यालाच कॉफी देतात. टायवाला एक आला, लॅपटॉपची वायर गाडीला जोडली, बघितलं, आन् गोड हसून, "मॅडम, एकही एरर कोड नाही. गाडीला काहीही झालेलं नाही." मी म्हणलं, "गिअरचं तेल तरी बघा की." तर म्हणतो, "मॅडम, ते सील्ड असतं. बदलायचं नसतं. आयुष्यभराचं असतं." मी म्हणलं, "कुणाच्या?" तो म्हणला, "सॉरी?" म्हणलं, "कुणाच्या आयुष्यभराचं? माझ्या, गाडीच्या, का तेलाच्या?" इकडं बघितलं, तिकडं बघितलं, म्हणला, "सर आले नाहीत का? सरांशी जरा बोलता आलं असतं..." मी म्हणलं, "सर राजस्थानात हायत. क्लच सोडताहेत."

घरी आले तर आत्याबाईंचं तिसरंच! म्हणाल्या, "सयू, जाताना विह्याच्या पुढं, येताना विह्याच्या मागं. गाडीला काय झालेलं न्हाई गं, त्या शिवेत काय तरी हाय. एक नारळ फोड." मी हसले. पण मग पीठ चाळता चाळता हात थांबला. आत्याबाई म्हणतात ते खरंच की! जाताना बी विहे, येताना बी विहे. आन् विहे म्हणजे काय? तर पाटण-कराडच्या निम्म्यावरलं गाव! म्हणजे गाव न्हवं... अंतर! कॅलेंडरच्या मागं लिहून काढलं, पाटण ते निसरे गप, विहे पहिला धक्का, सुपन्यापर्यंत तीन. दुसऱ्या दिवशी गाडी काढली आन् उलट्या दिशेनं, कोयनानगरकडं सोडली. तिकडं कुठलं आलंय विहे? चालले, चालले, वीसेक किलोमीटर झालं, हेळवाकच्या आसपास... वर्र्र्र, धाडकन! मी एकटी गाडीत ओरडले, "घावली!" शिवेत काय न्हाई, गाडी तापली की मारती! गिरणीचं बी तसंच असतंय, सकाळी पट्टा ठणठणीत, चार पायल्या दळून झाल्या की तापून घसरतोय, मोटार पळती आन् जातं जागेवर. आन् हा कोंडीबा गार गाडी स्टँडपर्यंत नेऊन मला सांगतोय!

पण सांगू कुणाला? कोंडीबाला सांगितलं तर हसला. आन् तेवढ्यात तो गुरुवार आला.

तुमाला सांगते, तो गुरुवार मी इसरणार न्हाई. डायलिसिस करून येत व्हतो. हाताला सुया टोचतात तितं पट्टी बांधलेली असती, हात जपायचा असतोय. पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, मागं एक ट्रक बोंबलतोय, मी पुढं काढायला म्हणून पाय दाबला... वर्र्र्र... गाडी जागेवर... ट्रक अंगावर... आन् धाडकन! आत्याबाईंचा हात दाराच्या कडीवर आपटला. मी आरशात बघितलं तर पट्टी लाल व्हायला लागलेली. आन् ह्या येळी "आगं आई गं" न्हाई. दुसऱ्या हातानं पट्टी दाबून धरली व्हती बाईनं. मी गाडी कडंला घेतली, वरनं रुमाल आवळला, पंधरा मिनिटं हात दाबून बसले तवा थांबलं.

घरी आल्यावर म्हणाल्या, "सयू, आता बास. मी न्हाई येत सोमवारी. तुझा पाय तसा, माझा हात असा, आन् ती गाडी... बहात्तर वर्षं जगले की गं मी. आजून किती वडायचं?" रागानं न्हाई बरं का. समजावणीच्या सुरात. मला समजावत व्हत्या! एक डायलिसिस चुकलं की बाईच्या पायाला सूज, दोन चुकली की छातीत पाणी. मी म्हणलं, "आत्याबाई, सोमवारपर्यंत गाडी गप करते. न्हाई झाली तर तुमी म्हणाल तसं." म्हणाल्या, "बघ." तोंड भिंतीकडं.

डायलिसिसच्या पूजा सिस्टरला फोन लावला, म्हणलं, कराडात कुणी माहिती हाय का गं? तिनं विद्यानगरच्या एका राजरत्नचा नंबर दिला, पुण्यात बारा वर्षं असल्याच गाड्या उघडत व्हता, आता हितं पत्र्याचं शेड टाकलंय. शुक्रवारी सकाळी मी त्याच्या शेडच्या दारात हजर, शेड उघडंस्तोवर गाडी दोन तास उभी राहून पार गार झालेली. हात पुसत आला. बॉनेटवर हात फिरवला न्हाई, कॉफी दिली न्हाई, सर कुठायत इचारलं न्हाई. म्हणला, "ताई, कवा मारती?"

कवा मारती! आवं, दोन महिन्यांत ह्या प्रश्नासाठी माझा जीव आसुसला व्हता! मी कॅलेंडरचं पान काढून पुढं धरलं. त्यानं वाचलं, परत वाचलं, म्हणला, "चला. तुमीच चालवा, मी शेजारी बसतो."

निघालो. वारुंजी गेलं, सुपनं गेलं, विहे आलं... काय न्हाई! विहे गेलं... काय न्हाई! लोण्यागत! मनात म्हणलं, भवाने, आज तरी मार! आता हा बी म्हणणार, गाडीला काय झालेलं न्हाई! राजरत्न आपला खिडकीतनं ऊस बघतोय. म्हणला, "सकाळचा गारवा हाय, ताई. चालू द्या अजून." निसरे गेलं, मल्हारपेठ आली, आन्... वर्र्र्र... धाडकन! राजरत्नचं डोकं मागं आपटलं आन् मी स्टेअरिंगवर थाप मारून ओरडले, "मारला! मारला!" रस्त्यावरची माणसं बघाय लागली, कुणाला मारलं हिनं!

शेडमदी आणून गाडी वर उचलली. खालचा बोल्ट काढला आन् जे काय बाहेर आलं, बाई गं! काळंकुट्ट, करपलेल्या फोडणीचा वास. आन् पायजे त्यापेक्षा कमी, कारण एका सीलमधनं थेंब थेंब गळत व्हतं. नऊ वर्षांत कुणी बदललंच न्हवतं. आयुष्यभराचं ना! राजरत्न म्हणला, "तेल असं जळलं आन् कमी पडलं की तापल्यावर दाब धरत न्हाई. आधी घसरतंय, मग एकदम पकडतंय." मी म्हणलं, "पट्ट्यागत?" म्हणला, "अगदी तसंच. सील बदलतो. तेल एकदम सगळं न्हाई, जुना माल हाय, तीनदा थोडं थोडं बदलू. पण ताई, आतल्या प्लेटा झिजल्या असल्या तर मग माझ्या हातात काय न्हाई." खोटं बोलला न्हाई माणूस.

शुक्रवारी एकदा, शनिवारी दोनदा. मग त्यानं बी वायर जोडली, म्हणला, "गिअरचा एक मेंदू असतोय, जळक्या तेलात कसं तरी करून चालायची सवय लागली व्हती त्याला. ती पुसलीय. आता तुमी हळूहळू चालवून नवीन शिकवा." शिकवा! रविवारी गिरणीला कुलूप लावलं आन् पाटण ते हेळवाक चार फेऱ्या. पहिल्या फेरीला दोन बारके धक्के. मी म्हणतीय, "हां... आता दुसरा... हळू... शाब्बास... आता तिसरा..." अंगणवाडीत बाई बोलती तशी. दुसऱ्या फेरीला एक. तिसरीला एक, का नुसता भास, काय कळलं न्हाई. चौथीला काय न्हाई. पण म्हणलं, खरं काय ते उद्या कळंल.

सोमवारी सकाळी आत्याबाई नऊवारी नेसून पायरीवर बसलेल्या. म्हणाल्या, "विह्यापर्यंत येते. तितं धक्का बसला तर तितंच उतरीन, आन् परत मला म्हणायचं न्हाई." बसल्या. पुढची सीट दोनी हातांनी घट्ट धरली, डोळं मिटलं, दात आवळलं. मी देवाचं नाव घ्यायला सुदिक घाबरत व्हते, न जाणो तेवढ्यानं पाय हलायचा. नवारस्ता. मल्हारपेठ. निसरे. काटा वर गेला... खाली आला... काय न्हाई. ट्रॅक्टर आला, काढला पुढं... काय न्हाई. आत्याबाई मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "आलं का गं विहे?"

मी म्हणलं, "आत्याबाई, सुपनं गेलं."

डोळं उघडलं. बाहेर बघितलं. सीट सोडली. मग पदर नीट केला आन् म्हणाल्या, "मग काच खाली घे की, वारं येऊ दे." बास. एवढंच. पण मी तोंड रस्त्याकडं करूनच रडले, कारण ड्रायव्हरला दुसरीकडं बघता येत न्हाई.

कोंडीबा आता चहाच्या टपरीवर सांगतोय, "मीच म्हणलेलं, तेलाचा घोटाळा हाय." हे तिकडनं म्हणतात, "मैंने बोला था ना?" बोला, सगळे बोला. मला काय त्याचं, माझी सासू दर सोमवार-गुरुवार येतीय, एवढं बास.

तर झालं काय, आत्याबाईंनी दवाखान्यात गाडीचं एवढं कौतुक सांगितलं, एवढं सांगितलं, की शेजारच्या खाटंवरच्या शालूबाई, मल्हारपेठेच्या, त्या म्हणाल्या, मी बी येते. येऊ द्या, म्हणलं, मशिनीतनं निघालेलं माणूस हाय. मग निसऱ्याचे नाथाजी, त्यांची बी तीच येळ, ते पुढं बसतात, त्यांना मागं मळमळतंय. बरं. चौघं झालो. आन् परवाच्या गुरुवारी शालूबाईंना घ्यायला मल्हारपेठेच्या फाट्यावर थांबले, त्या बसल्या, आन् त्यांच्या मागनं एक गडी, कधी बघितलेला न्हाई, हातात पिशवी, कोंबडीची, कोंबडी जित्ती, सरकला आत, शालूबाईंना म्हणला, "जरा दाबून बसा मावशी," आन् मला म्हणतो, "कराडात कोल्हापूर नाक्याला सोडा."

म्हणलं, "दादा, ही माणशी भाडं घेऊन फिरणारी वडापची गाडी न्हाई."

तर म्हणतो, "मग सगळे कसे बसलेत?"

म्हणलं, दार नीट लावा. सोडला कोल्हापूर नाक्याला.