पाण्याचं ठेसन

मोखाडा पोलीस ठाणे. दिनांक ३० मे.

नाव रंजना मंगेश झुगरे, वय ३६ वर्षे, शिक्षण दहावी, धंदा अंगणवाडी मदतनीस व शेती, राहणार सूर्यमाळ, ता. मोखाडा, जि. पालघर.

मी समक्ष ठाण्यात येऊन सांगते ते असे की, वरील ठिकाणी मी नवरा, सासू व दोन मुलींसह राहते. माझं माहेरही सूर्यमाळचंच, पलीकडच्या पाड्यावरचं. माझे वडील माघ्या देवू वारघडे, वय अंदाजे ६५, हे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून घरी आलेले नाहीत. याबाबत मी एका रेल्वे पोलीस चौकीत आधी जबाब दिलेला आहे. त्यात मी सांगितलेलं ‘पाण्याचं ठेसन’ हे नाव गाळून ‘अज्ञात स्थानक’ असं लिहिलं गेलं. अज्ञात काय त्यात? आमच्या पाड्यातलं शेंबडं पोरसुद्धा ते स्टेशन सांगेल. म्हणून आज मी बोलते तसंच लिहा, अशी मी या ठाण्याच्या शिपाई प्रतिक्षा मॅडम यांना विनंती केली व त्यांनी ती मान्य केली.

माझी धाकटी बहीण चैती व तिचा नवरा बारक्या हे दोघे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. भट्टी गुजरातच्या अंगाला आहे. या वर्षी चैती पोटुशी होती, आठवा महिना लागला होता. बारक्याला भट्टी सोडता येत नव्हती. तिला बाळंतपणाला घरी आणायला कोण जाणार अशी आमच्यात बोलणी झाली. बाबा म्हणाले, “मी जातूं. मलाच ठाव हाय वाट.” ते खरंच होतं. आमच्या पाड्यातून त्या भट्टीवर पहिल्यांदा गेलेला माणूस म्हणजे बाबा. पुढे जे जे गेले ते त्यांच्या मागून गेले, आणि गाड्यांची व स्टेशनांची नावं सगळ्यांनी त्यांचीच उचलली.

ही नावं कशी, ते मॅडमनी विचारल्यावरून सांगते. आमच्या तालुक्यात रेल्वे नाही. डहाणूला उतरल्यावर गाडी दिसते. बाबांना वाचता येत नाही, त्यामुळे फळ्यावर काय लिहिलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. स्टेशनवर जे दिसेल ते त्याचं नाव. मिठागरं दिसतात ते मिठाचं ठेसन. मासळीचा वास येतो ते सुकटीचं. जिथे पोशी मावशीचं लुगडं दारात अडकून फाटलं, ते पोशीचं. गाड्यांचंही तसंच. दूधवाले कॅन लटकवून जायचे ती दुधाची गाडी, कारखान्याच्या पोरी भरून जायच्या ती पोरींची. लहानपणी बाबा आम्हाला ही नावं ओळीनं म्हणून दाखवायचे आणि मधलं एखादं मुद्दाम गाळायचे. चैती लगेच ओरडायची, “सुकटीचं राह्यलं!” मग ते खूश. भट्टीला उतरायचं ते पाण्याचं ठेसन. तिथे फलाटावर चिंचेखाली नळ होता, कधीही सोडा, धो धो पाणी.

हे पाणी आम्हाला कवतिकाचं का, ते सूर्यमाळला एक उन्हाळा काढला की कळतं. फेब्रुवारी सरला की विहिरीत तळ दिसतो, पुढे टँकरवर जगायचं, आणि टँकर येईल तेव्हा खरा. त्यामुळे आमच्याकडून खाली जाणारा माणूस रिकामा डबा घेऊन जातो आणि परतताना पाण्याच्या ठेसनावर भरून आणतो. दोन गाड्या, एसटी, जीप आणि चढण एवढं करून पाच लिटर पाणी आणायचं, म्हणून जव्हारच्या स्टँडवर लोक हसतात. हसू देत. घरी आल्यावर त्यातला पेला पेला सगळ्या घरांत वाटतात. जाताना कुणी भरत नाही. येतानाच भरतात. हे मुद्दाम लिहून घ्यावं.

मंगळवारी सकाळी बाबा घरातून निघाले. अंगात पांढरा सदरा, खाकी हाफपँट, डोक्याला लाल टॉवेल, पायात टायरच्या चपला. हातात तेलाचा पाच लिटरचा पांढरा डबा, मुठीला लाल चिंधी बांधलेली. दुसऱ्या हातात कापडी पिशवी, तिच्यात नाचणीचं पीठ आणि आईच्या जुन्या लुगड्याची धुतलेली दुपटी. आई आता नाही. बाबांकडे मोबाईल नाही. मी म्हटलं, माझा न्या. ते म्हणाले, “तुझा तुला ठेव. मी काय नवीन हाय का त्या वाटंला?” चैतीला मी ते निघण्याआधीच फोनवर कळवलं. ती म्हणाली, पाण्याच्या ठेसनावर पुलाखाली बसते, बाबांना सांग बाहेर यायला.

दुपारी माझ्या मोबाईलवर अनोळखी नंबरवरून फोन आला. बाबाच होते. म्हणाले, “बाय, मी उतरलूं. पन इथं नळच नाय. चिंच बी नाय. हे आपलं नव्हं. फुडं बघतूं.” मी विचारलं, फळ्यावर काय लिहिलंय ते कुणाला तरी विचारा. तेवढ्यात फोन कट झाला. परत लावला तर एक हिंदी बोलणारा माणूस होता. म्हणाला, “चाचा तो गया, दीदी. गाडी लग गयी थी, चढ़ गया. खाली डिब्बा था हाथ में.” तो माणूस चांगला होता. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला तेव्हाही त्याने नीट उत्तर दिलं आणि स्टेशनचं नाव सांगितलं.

त्या नावावरून मी व माझा नवरा मंगेश तिथे गेलो. ते पाण्याचंच ठेसन होतं. फलाट उंच करायला काढलेत, त्यात नळ काढून टाकलाय, चिंच तोडलीय, नवी फरशी आणि नवं छप्पर. बाबा बरोबर जागी उतरले होते. चैती पुलाखाली बसलेली होती, त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिने अंधार पडेपर्यंत वाट पाहिली आणि बारक्या येऊन तिला घेऊन गेला. नळ जाग्यावर असता तर बाबा जिना उतरून तिच्यापुढे उभे राहिले असते. हे मला रोज उठल्यापासून निजेपर्यंत दिसतं. माझ्या डोक्याचा भुगा झालाय.

तिथल्या चौकीत गेलो. ते म्हणाले, तुमचा माणूस इथून गाडीत बसून गेला, म्हणजे आमच्या हद्दीत हरवला नाही. जिथे उतरला तिथे विचारा. मी म्हटलं, ते कुठे उतरले हे कळलं असतं तर मी तुमच्या दारात कशाला आले असते, साहेब? पुढच्या चौकीत गेलो, त्यांनी गाडीचा नंबर विचारला. मी म्हटलं दुधाची गाडी, दुपारची. ते हसले नाहीत, पण म्हणाले, असं नाही चालत, ताई. चौकशीच्या फोनवरही तेच. गाडी क्रमांक सांगा, स्थानकाचं नाव सांगा. नंबर नसेल तर पुढे काही उघडतच नाही. दूधवाले आता टेम्पोने जातात, हे मला तिथे गेल्यावर कळलं. पोरींचा कारखानाही बंद पडलाय. कोणती गाडी दुधाची आणि कोणती पोरींची, हे आता बघून ओळखायला काही उरलंच नाही.

मग मी स्वतः प्रत्येक स्टेशनवर उतरून जोड लावायला घेतली. बाबांचं नाव कोणतं आणि फळ्यावरचं कोणतं. मिठाच्या ठेसनावर मिठागरं बुजवून बिल्डिंगा उभ्या आहेत. सुकटीच्या ठेसनाला वास नाही. पोशीचं ठेसन तर कुणाला विचारू? आणि नळ म्हणाल तर जिकडे तिकडे आहेत. पुढच्या स्टेशनवर नळ, त्याच्या पुढच्यावर नळ. बाबा कुठेही उतरले असतील. प्रत्येक नळाशी मी उभी राहिले आणि आजूबाजूला फोटो दाखवला. चणेवाल्यांना, भिकाऱ्यांना, झाडूवाल्यांना. मंगेशचा रोज बुडत होता, तरी तो बरोबर येत होता. शेवटी मीच हात टेकले.

मागच्या आठवड्यात त्या मार्गाच्या शेवटच्या स्टेशनवर बेवारस सामानाच्या खोलीत गेलो. तिथे बाबांची पिशवी आणि डबा मिळाला. दुपटी तशीच घडी घातलेली. पिशवी डब्याला टॉवेलने बांधलेली होती. गाडी यार्डात झाडताना सापडल्याचं तिथल्या बाईंनी सांगितलं. कोणत्या स्टेशनच्या आधी किंवा नंतर, ते कुणालाच माहीत नाही. डबा भरलेला होता.

डबा बाबांनीच भरलाय. झाकणाखाली प्लास्टिक घालून पिळायची त्यांची रीत आहे, तसंच पिळलेलं आहे. भरला म्हणजे त्यांना नळ सापडला. आपलं ठेसन आलं म्हणून ते बाहेर गेले असतील, चैतीला हाका मारल्या असतील. ती दिसली नाही तेव्हा पाणी भरून परतीच्या गाडीत बसले. एवढं मला कळतं, पुढचं कळत नाही. बाबा पाणी टाकून कुठे उतरणारे नाहीत. जीव जाईल पण डबा सोडणार नाहीत. हे माझ्या तोंडून गेलं. मॅडमनी मला पाणी दिलं.

रेल्वे पोलीस म्हणाले की लाईनवर सापडलेल्या बेवारस मयतांची नोंद किलोमीटर आणि खांबाच्या नंबरावर असते, अंदाजे ठिकाण सांगा, काढून बघतो. मी कोणता खांब सांगू? त्यांनी काही फोटो दाखवले. त्यात बाबा नव्हते. सगळे फोटो दाखवले का, विचारलं तर म्हणाले, आमच्या हद्दीतले दाखवले.

चैती दिवस भरायच्या आधीच भट्टीवर बाळंत झाली. मुलगी आहे. बाबांबद्दल तिला खरं सांगितलंय.

मिसिंगची नोंद संगणकात करताना मॅडमनी ‘शेवटचे दिसले ते स्थानक’ विचारलं. तिथे मोकळं सोडता येत नाही, दिलेल्या नावांतूनच निवडावं लागतं. त्यांनी सगळी नावं मला वाचून दाखवली. फोन आला ते स्टेशन मी सांगितलं व त्यांनी ते घातलं. पण बाबा तिथे नाहीत हे मला माहीत आहे आणि मॅडमनाही माहीत आहे. बाबा जिवंत असतील आणि कुणाला सापडले, तर गावाचं, तालुक्याचं काही विचारू नये, ते गांगरतात. कुठं उतरायचंय एवढंच विचारावं. ते पाण्याचं ठेसन म्हणतील.

डबा व पिशवी पुरावा म्हणून आज ठाण्यात जमा करते. सीलबंद करण्याआधी पाणी ओतून टाकावं लागेल असं मला सांगण्यात आलं. पाड्यावर चार दिवस टँकर आलेला नाही. माझ्या पोरी रात्री पाणी मागतात. तरी या डब्याला घरात कुणी हात लावला नाही, सासूनेसुद्धा नाही. मी ते ओतणार नाही आणि तुम्हीही ओतू नका. हे पाणी कुठल्या नळाचं आहे ते तपासून कळत असेल तर तेवढं करा. नसेल कळत तर तसं मला लिहून द्या.

माझा हा जबाब मी बोलले तसा लिहिला गेला. प्रतिक्षा मॅडमनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. ‘पाण्याचं ठेसन’ हे नाव त्यात जिथे जिथे आलं आहे तिथे तिथे राहू द्यावं.

सही / रंजना मंगेश झुगरे