अकरा वाजताचा दंड

“हॅलो?… हॅलो, कोण?… कोण बोलतंय?”

अलकाने सुरी हातात तशीच ठेवून फोन उचलला. सकाळचे अकरा वाजले होते आणि फोनवर नाव उमटलं होतं, ‘वासंतीताई बजबज’. वासंतीताईंना जाऊन आज एकवीस दिवस झाले होते.

“कोण… भाऊजी? अहो, तुम्ही होय… नाही, नाही, घाबरले नाही. जरा दचकले इतकंच. त्यांचं नाव आलं ना… हो, बरोबर आहे, तुमच्या फोनमध्ये माझा नंबर कशाला असेल… छे हो, कामात कसली! भेंडी चिरत होते. बोला ना.”

बोला म्हणणं सोपं होतं. वासंतीताईंचे यजमान दत्तात्रयराव म्हणजे अबोल माणूस. तेलाच्या डेपोतून निवृत्त झाले आणि हुगळीचा काठ आवडला म्हणून बजबजलाच राहिले. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत खुर्च्या मांडायचे, आरतीला मागे उभे राहायचे आणि निघताना “येतो” म्हणायचे. तीस वर्षांच्या ओळखीत त्यांनी अलकाला आपणहून फोन केल्याचं तिला आठवत नव्हतं.

“जेवणाचं काय करता?… शेजारच्या बंगाली बौदी देतात? देवमाणूस आहे हो ती बाई… आणि तुमचा लेक, कौस्तुभ?… हो ना, त्याच्याही घरात सगळे आत्ताच आजारातून उठलेत, एवढ्यात प्रवास नकोच… मी येणार होते हो. पण लोकल बंद, आणि हे मला आमच्या सॉल्ट लेकच्या बाहेर पाऊल टाकू देत नाहीत… हो… हो, भाऊजी.”

बोलता बोलता अलकाच्या आवाजात नेहमीची उभारी यायला लागली. समोरचा गप्प असला की हिच्या जिभेला पाय फुटत.

“हे बघा, हेही दिवस जातील. आता आपणच एकमेकांना धीर द्यायचा. रोज सकाळी जरा गच्चीवर जात जा, ऊन अंगावर घ्या, आणि… काय म्हणालात?… विचारा ना. एक का, दहा विचारा.”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“गाडीत?… त्या गुरुवारी रात्री हॉस्पिटलला नेताना, हो… काय पुटपुटत होत्या?”

हातातली सुरी तिने ताटात ठेवली.

“भरती… आणि ओहोटी… एवढंच?… परत परत?… हं… घाटावर जायचंय, असं वाटलं तुम्हाला… मग तुम्ही काय म्हणालात?… ‘बरी झालीस की नेतो’… हं… आणि मानेनंच नाही म्हणाल्या. म्हणजे घाटाचं नव्हतं ते… नाही, तसं नाही, मला काय माहीत असणार, तुम्ही सांगताय त्यावरून म्हटलं.”

खिडकीखाली भाजीवाला ओरडत होता. अलकाने उगाचच पडदा सारखा केला.

“शेवटचा फोन माझाच होता, हो. गुरुवारी, अकराला… काय बोलणं झालं म्हणजे… नेहमीचंच हो, भाऊजी. इकडचं तिकडचं… भरती-ओहोटीचं? नाही… नाही आठवत.”

आठवत होतं. एकवीस दिवस तेवढंच आठवत होतं.

मागच्या वर्षी टाळेबंदी लागली तेव्हा मंडळातल्या बायकांनी ठरवलं होतं, की ज्यांची मुलं लांब आहेत अशा घरी रोज सकाळी अकराला कुणीतरी फोन करायचाच. अलकाच्या वाट्याला वासंतीताई आल्या. नियम मात्र अलकाच्या सुपीक डोक्यातला. फोनवर रोज एक तरी चांगली गोष्ट सांगायची, रडगाणं गायचं नाही. गायलं, तर दंड. दंड म्हणजे एक नवा उखाणा, तोही एका दमात, जुना चालणार नाही. मंडळाच्या ग्रुपवर या नियमाचं कोण कौतुक झालं! रडणाऱ्याला हसवल्याशिवाय आमच्या हिला घास जात नाही, असं सुरेशराव चारचौघांत म्हणायचे आणि अलका वरवर लाजायची.

सत्तरीच्या वासंतीताईंना तर दंडाची गोडीच लागली. गुडघा दुखतो म्हणून मुद्दाम कुरकुरायच्या आणि अलका “दंड!” म्हणायच्या आत उखाणा तयार असायचा. लिंबाच्या झाडावर, बौदींच्या ‘पायेश’ खिरीवर, रिकाम्या धावणाऱ्या होडीवर, प्रत्येकात दत्तात्रयरावांचं नाव. अलका ते सगळे बँकेच्या एका जुन्या डायरीत लिहून ठेवायची. रोग गेला की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाचून दाखवू, असा बेत होता. ती डायरी आत्ता शोकेसवर, टीव्हीच्या बाजूला पडली होती. एकवीस दिवसांत तिने ती उघडली नव्हती.

“अहो, कुकर बंद करा ना जरा… तुम्हाला नाही भाऊजी, ह्यांना म्हणतेय… हो… बरं, ठेवता?… हो, काही लागलं तर कळवा…”

फोन कानापासून दूर गेला, तसा परत आला.

“भाऊजी! ठेवू नका. ठेवलात का?… हॅलो?… आहात. भाऊजी, मी खोटं बोलले. मला आठवतंय.”

ती उठली. डायरी काढली आणि उभ्या उभ्याच शेवटचं पान शोधलं.

“सांगते… सांगते हो, पण मधे बोलू नका, नाहीतर मला जमणार नाही… आमचा तो दंडाचा खेळ, तुम्हाला ठाऊकच आहे… हो, बाजूलाच बसायचात तुम्ही, पेपर वाचत… तर सोमवारी त्या म्हणाल्या, अंगात जरा कसकस आहे. मी म्हटलं, दंड. दिला त्यांनी. मंगळवारी म्हणाल्या, तोंडाला चव नाही. मी म्हटलं, बौदींच्या हातचं खाऊन खाऊन आपली आमटी नकोशी झाली वाटतं. हसल्या. दंड दिला. बुधवारी आवाज बसला होता… मला वाटलं, गुडघ्यासारखंच हेही मुद्दाम… खेळाचंच वाटलं हो मला.”

पलीकडे तो माणूस मधे बोलला नाही. अलकाला वाटलं, बोलला असता तर बरं झालं असतं.

“आणि गुरुवारी… गुरुवारी त्या म्हणाल्या, ‘अलका, रात्रभर बसून काढली गं.’ एवढंच. पुढे काहीतरी सांगणार होत्या. मी सांगू दिलं नाही. मी म्हटलं, आज तर मोठा दंड… एका दमात… म्हणाल्या, ‘आज राहू दे.’ मी म्हटलं, अजिबात नाही… भाऊजी, मी हसत होते हो.”

तिने डायरी डोळ्यांजवळ नेली. चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता, पण ती ओळ वाचायला चष्मा लागत नव्हता.

“‘हुगळीच्या पाण्याला भरती आणि ओहोटी’… इथपर्यंत आल्या. मग थांबल्या. मला धाप ऐकू आली. कानानं ऐकली, डोक्यात शिरली नाही. मी म्हटलं, काय हो ताई, पन्नास वर्षं संसार केलात आणि नवऱ्याचं नाव विसरलात?… म्हटलं, जाऊ दे, उरलेलं उद्या… इथं तसंच लिहून ठेवलंय मी. ‘उरलेलं उद्या.’… तेच म्हणत होत्या त्या गाडीत. घाट नव्हता, काही नव्हतं. माझा दंड पुरा करत होत्या. तुमच्याजवळ बसून तुमचं नाव घ्यायला बघत होत्या.”

आता सगळं सांगून झालं होतं. सांगितल्यावर मोकळं वाटतं म्हणतात, अलकाला तसं काही वाटलं नाही.

“हॅलो?… भाऊजी?… आहात ना?… अहो, काहीतरी बोला. रागवा हवं तर. पण बोला.”

सुरेशराव दारात येऊन उभे राहिले. तिने हातानेच त्यांना परत जायला सांगितलं.

“हं… ऐकतेय… काय?… ताप रविवारपासूनच?… मग मला का नाही… त्या नको म्हणाल्या. काय म्हणाल्या?… ‘अलका एवढी हसवते, तिचा विरस नको’… अरे देवा… आणि डॉक्टर?… थांबा, परत सांगा… माझ्या फोनची वाट बघायच्या… हं… दहापासूनच उशाला टेकून बसायच्या… फोन झाला की तोंडावर जरा तरतरी दिसायची… म्हणून तुम्हाला वाटायचं, उतार आहे. आजचा दिवस बघू… रोज?… रोज, उद्या बघू.”

अलका खुर्चीत बसली. आपण हसवलं म्हणून ताईंनी सांगितलं नाही, एवढंच दुःख आत्तापर्यंत तिच्यापाशी होतं. आपल्या हसवण्यानेच ताई बऱ्या दिसल्या आणि त्यापायी चार दिवस गेले, हे नवीन होतं. करायला गेलो काय आणि झालं काय. माणसाला धीर द्यावा तो इतका, की त्याला आजारी पडायचीही चोरी व्हावी? तिला स्वतःच्या त्या किणकिणत्या आवाजाची किळस आली.

“नाही हो भाऊजी, तुमचं काही चुकलं नाही, देवाच्या मनात…”

ती मधेच थांबली.

“बघा, सवय. जात नाही… चुकलं, भाऊजी. माझं चुकलं. तुमचंही चुकलं. ताईंचंही चुकलं, त्यांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं. ‘गप्प बस गं भवाने, मला श्वास लागतोय’ म्हणायला हवं होतं… हो… हो, त्या नसत्याच ओरडल्या. ठाऊक आहे मला.”

मग अलकाने नाक पुसलं आणि आवाज खाली आणला. तिचा हा आवाज मंडळातल्या कुणी कधी ऐकला नसेल.

“भाऊजी, तुम्ही कसे आहात?… नाही. ‘बरा आहे’ नकोय मला. कसे आहात ते सांगा… सांगा हो. मी अडवत नाही.”

आणि तो तीस वर्षांचा अबोल माणूस बोलायला लागला. अलकाने एकदाही मधे विनोद केला नाही.

“हं… रक्तदाबाच्या गोळ्या, हो… ताईच डबीच्या झाकणात काढून ठेवायच्या… मग आता?… दोन दिवस घेतल्याच नाहीत?… हं… नाही, ओरडत नाहीये, सांगा पुढे… हं… लिंबाच्या झाडाला पाणी… घालवत नाही. का?… हं… ताईंचाच राग येतो?… हं… मलाही आला असता… आणि माझा?”

तिने फोन कानाशी घट्ट धरला.

“यायलाच हवा. येऊ दे… हं… खुर्चीतच झोपता… पाठ धरते, हो… हं… कौस्तुभला सांगत नाही. त्याला काळजी नको म्हणून… भाऊजी, हे तुम्ही काय केलंत आत्ता, कळलं का?… तेच ना. अगदी तेच. त्याला आजच सांगा. गोळ्यांचंही सांगा. आणि बौदींना म्हणावं, झाकणात काढून देत जा… हो. कबूल?… हं.”

ताटातली भेंडी कोमेजून गेली होती. साडेअकरा वाजून गेले.

“काय?… दंड? नाही हो, दंड-बिंड सगळं बंद. कानाला खडा लावलाय मी. तुम्ही खुशाल तक्रार करा… अहो, नको. खरंच नको, भाऊजी, मला नाही ऐकवणार… त्यांचा राहिलाय म्हणून तुम्ही पुरा करणार?… बरं… बरं, थांबा. पेन घेते.”

फोनच्या बिलांखाली पेन सापडलं. डायरीतल्या ‘उरलेलं उद्या’वर तिने रेघ ओढली.

“हं. सावकाश सांगा… ‘हुगळीच्या पाण्याला भरती आणि ओहोटी’… ते आहे लिहिलेलं… हं… दम घ्या. एका दमात नाही म्हटलं तरी चालेल, ती अट काढली मी… ‘वासंतीचं नाव’… हं… पुढे?… ‘आता माझ्या ओठी’.”

तिने लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण ओळ पुरी झाली.

“लिहिलं, भाऊजी… हो, वाचता येतंय… मी उद्या फोन करू?… नको?… नाही, समजतं मला… तुम्ही कराल? करा ना. अकरालाच असं नाही, मनाला येईल तेव्हा. नाही आलं तर नका करू… हो… मी वाट बघीन… काही नाही, म्हटलं, आता मी वाट बघीन… ठेवा तुम्ही. आधी तुम्ही ठेवा.”