दोन्ही रोपं सारखीच

दंतवैद्याकडे गाल धरून बसलेल्या शिंप्याच्या कानावर शेजारच्या मावशी-भाचीचं बोलणं पडलं.

“संपलं सगळं, मावशी. मातीतला फॉस्फरस पिकाला मिळवून देणारे बॅक्टेरिया घडवले, पण ते घातलेलं रोप आणि न घातलेलं, दोन्ही सारखीच!”

“न घातलेलं कसलं मरतुकडं होतं गं!”

“होतं? मग सुधारलं कसं?”

“काचघरात पाणी घालताना जीव तुटायचा माझा. तिथलंच फॉस्फरसचं खत घातलं चिमूटभर.”

“फक्त त्यालाच?”

“तुझ्या लाडक्याला कशाला? रागावलीस?”

“म्हणजे माझं लाडकं बिनखताचंच खतवाल्याएवढं वाढलं?”

“पुढचे कोण?” नर्सनं विचारलं.

“थांबा हो जरा!” गालावरचा हात काढून शिंपी म्हणाला.

“मावशी, सगळं पुन्हा लावायचं! पण या वेळी पाणी मी घालणार.”