अकरा रिकाम्या फाइलींबाबत

जबाब देणारी : बाई, वय ४१ वर्षे, धंदा खासगी नोकरी (इंटरनेटवर वेबसाइटसाठी जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीत नियम-तपासनीस), राहणार बाजाररस्ता, चष्म्याच्या दुकानावरचा दुसरा मजला.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती व सासूबाईंसह राहते. सदर कंपनीत चौदा वर्षे नोकरीस आहे. गिऱ्हाइकाने भाड्याच्या जागेत काय ठेवावे व काय ठेवू नये याचे आमचे बत्तीस नियम आहेत. ते मोडणाऱ्याची जागा बंद करणे हे माझे काम. नियम मला तोंडपाठ आहेत. ऑफिसात मला पाठीमागे 'कलमबाई' म्हणत, हल्ली तोंडावरही म्हणतात. सासूबाईंचे म्हणणे, मी मिठाची बरणीसुद्धा नियमाने उघडते. चौदा वर्षांत मी एकही नियम मोडलेला नव्हता.

चालू महिन्याच्या १ तारखेस आमच्या तपासणी प्रोग्रामने एक खाते पकडले. त्यात आवाजाच्या चार हजार दोनशे सहा फाइली होत्या, प्रत्येक बरोबर एका मिनिटाची. नावे नाहीत, फक्त क्रमांक, तारीख आणि वेळ. वेबसाइट म्हणावी तर एकच पान आणि त्यावर क्रमांक टाकायची एक चौकट. नियम सात असा की, जागा वेबसाइटसाठी आहे, गोदामासाठी नाही. मी खाते बंद केले. ज्या फाइलींत आवाज ठरावीक पातळीच्या खाली असतो त्या प्रोग्राम 'रिकाम्या' धरून लगेच पुसतो. तशा अकरा पुसल्या गेल्या. मी त्यांतली एकही ऐकली नव्हती. अंतिम पुसण्याच्या दिवशी दहा फाइली ऐकाव्यात एवढाच नियम आहे.

त्याच दिवशी खातेदाराला ईमेलने नोटीस पाठवली. तो ईमेल त्याच खात्यातला होता. खाते बंद झाले की ईमेलही बंद पडतो. म्हणजे दाराला कुलूप घालून चिठ्ठी आत सरकवण्यातला प्रकार. चौदा वर्षे मी अशाच नोटिसा पाठवत आले, आणि उत्तर आले नाही की 'खातेदारास मान्य' असा शेरा मारत आले. हे माझ्या ध्यानात १५ तारखेस आले. याची मला लाज वाटते.

१५ तारखेस दुपारी चार वाजता उरलेल्या फाइली पुसायच्या होत्या. सकाळी अकराच्या सुमारास एक बाई काउंटरवर आली. वय सुमारे अठ्ठ्याहत्तर, एका प्रसूतिगृहातली निवृत्त सुईण. तिला सगळे मावशी म्हणतात, मीही म्हणाले. तिने तीनदा फोन केला होता, तिन्ही वेळा मशीन बोलले. खाते तिच्या भावाच्या नावावर होते. तो रेडिओ दुरुस्त करायचा व गेल्या वर्षी वारला. मावशीकडे कागद एकही नव्हता. मी पासवर्ड विचारला.

"तो भाऊ घेऊन गेला की," ती म्हणाली.

फाइली कसल्या, असे विचारल्यावर तिने सांगितले की, मूल किती सेकंदांनी रडले हे तिला रजिस्टरात लिहावे लागे. "हात भरलेले असायचे गं. घड्याळाकडे कोण बघणार? मूल हातात आलं की कोपरानं टेपचं बटण दाबायचं. मिनिटभर चालू द्यायचं, मग सावकाश ऐकून सेकंद मोजायचे." छत्तीस वर्षे तिने असे केले. भावाने त्या टेप रजिस्टरातल्या तारीख-वेळेसह उतरवून आमच्याकडे ठेवल्या होत्या.

मालकीचा पुरावा नव्हता. पण दहा फाइली ऐकण्याचा नियम होताच. मी पडदा माझ्याकडे वळवला, तिला क्रमांक दिसू दिला नाही आणि मधूनच एक फाइल लावली. सगळी खोली रडण्याने भरून गेली.

"ही जुळ्यांतली धाकटी," मावशी म्हणाली. "थोरलीनंतर नऊ मिनिटांनी आली. जसा काही आम्हीच उशीर केला, असा राग!"

मी पाहिले. आधीची फाइल त्याच तारखेची होती, बरोबर नऊ मिनिटे अगोदरची. दुसरी लावली. ती म्हणाली पहाटेचा, पाचला थोडे कमी. फाइलवर ४.५२ होते. तिसरी लावली. "हा पायाळू. आता तुमच्या खालच्या चौकात कुलपं विकतो. तेव्हाही असाच घसा खरवडून बोलायचा." दहाच्या दहा तिने ओळखल्या, आणि तारीख-वेळ तपासता आली तिथे एकही चुकली नाही.

माझ्या अंगावर काटा आला. जबाबात असे लिहितात की नाही मला ठाऊक नाही, पण ते घडले म्हणून लिहून घ्यावे. चार हजार माणसांचा जगातला पहिला आवाज त्या एका बाईच्या कानात होता, आणि मी तिच्याकडे ओळखपत्र मागत होते.

मी 'मालकीची खात्री पटली' असा शेरा लिहून नियम अठ्ठावीसखाली पुसणे थांबवले. इथपर्यंत सर्व नियमात होते. अकरा पुसल्या गेल्या, बाकीच्या चार हजार एकशे पंच्याण्णव राहतील, असे तिला सांगितले. मला वाटले मावशी आता उठेल. ती उठली नाही.

"आता माझे अकरा दे," ती म्हणाली.

मी सांगितले की त्या रिकाम्या होत्या, म्हणून पुसल्या गेल्या.

"रिकाम्या? कोण म्हणालं?"

"प्रोग्राम."

"त्याला कधी मूल झालंय का?"

मग ती हळू आवाजात म्हणाली, "पोरी, ती अकरा रडलीच नाहीत. बाकीचे कुठे ना कुठे बोलत असतील, भांडत असतील. या अकरांचं जगात तेवढं एक मिनिट आहे. त्यांतल्या एका आईचा दर वर्षी याच महिन्यात नऊ तारखेला मला फोन येतो. मी क्रमांक टाकते आणि फोन घरच्या कॉम्प्युटरजवळ धरते. यंदा टाकला तर पाटी आली, 'नियमभंगामुळे बंद'. तिला काय सांगू? तिच्या लेकरानं कुठला नियम मोडला?"

मी साहेबांकडे गेले. कंपनीची राखीव प्रत पंधरा दिवस राहते. त्या अकरा फाइली तिच्यात होत्या आणि संध्याकाळी सहाला तिच्यावर नवी प्रत चढणार होती. नियम एकोणीस असा की, राखीव प्रत कंपनीच्या बिघाडासाठी आहे, नियम मोडलेल्या गिऱ्हाइकासाठी उघडू नये. साहेब म्हणाले, "कलमबाई, तुम्ही हे सांगताय? तेही रिकाम्या फाइलींसाठी?" साहेबांचे बोलणे नियमाला धरून होते.

दुपारी ३.२० वाजता मी माझ्या अधिकाराने राखीव प्रत उघडली. बंद खात्यात काही परत ठेवता येत नाही, म्हणून अकरा फाइली माझ्या स्वतःच्या मोबाइलवर घेतल्या. मला कोणी सांगितले नव्हते, मावशीनेही नाही. हे मी केले.

नंतर आम्ही दोघी बैठकीच्या खोलीत दार लावून बसलो. आवाज पूर्ण वाढवून, क्रमांक झाकून मी एकेक लावली. आधी काहीच ऐकू येत नाही. मग पंखा. ताटलीत काहीतरी ठेवल्याचा आवाज. बोटांनी पाठ थोपटल्याचा. मावशीचा तरुण आवाज, अगदी दबका, "चल, राजा. चल. चल ना." एकीत दुसरी एक बाई विचारते, "रडत का नाही?" त्यावर कोणी उत्तर देत नाही.

मावशीने अकराच्या अकरा ओळखल्या. कुठली मुलगी, कुठला मुलगा, कोण पहिलटकरीण, कोणाला पाच वर्षांनी दिवस गेले होते. रडणे ओळखणे मी समजू शकते. तिने अकरा गप्प मुले वेगवेगळी ओळखली. मी हात जोडले. आपोआप जोडले गेले.

मग तिने त्या नऊ तारखेच्या आईचा नंबर सांगितला आणि मी ऑफिसच्या फोनवरून लावून दिला. मावशी म्हणाली, "सहा दिवस उशीर झाला गं." मी मोबाइल रिसीव्हरजवळ धरला. मिनिट संपल्यावर पलीकडून आवाज आला, "मला वाटलं, हेही गेलं."

दुसऱ्या दिवशी कंपनीने माझ्याविरुद्ध तक्रार दिली. ती खरी आहे. त्या अकरांत माझे कोणी आहे का, असे मला विचारण्यात आले. नाही. मोबाइल मी स्वखुशीने हजर केला आहे. फाइलींच्या प्रती मावशीला मिळाव्यात एवढीच माझी विनंती आहे.

मोबाइलच्या पंचनाम्यात 'आवाजाच्या अकरा फाइली, रिकाम्या' असे लिहिलेले मला वाचून दाखवण्यात आले. तेवढ्या एका शब्दास मी हरकत घेतली व हवालदारसाहेबांना फोन कानाला लावण्याची विनंती केली. त्यांनी चौथी फाइल पूर्ण ऐकली. मग पाचवी ऐकली.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे. पंचनाम्यातील एक शब्द हवालदारसाहेबांनी स्वतःच्या हाताने खोडला असून ती खोडाखोड माझ्या समक्ष झाली आहे व मला मान्य आहे.