भिंतीकडची बाजू

न्यानबाई : ...म्हणून मग संत्र्याच्या झाडाची कुंडीच फिरवली. उघडी बाजू भिंतीकडे, भरलेली पाहुण्यांकडे. नवीन वर्षाचं भेटायला एवढी माणसं येऊन गेली, एकालाही कळलं नाही. रागावलास ना, त्वान?

त्वान : तुमच्यावर कसला राग, बाई. पण संत्री गेली कुठं? या बाजूला शंभरेक तरी होती.

न्यानबाई : तोडली. मीच. झाड तुझ्या मळ्यातलं, शोभेला सणापुरतं माझ्याकडे, पौर्णिमा झाली की तू परत न्यायचं, हे माहीत असून तोडली. सत्तरी उलटल्यावर चोरी केली म्हण. बस, चहा घे.

त्वान : तोडून... काय केलंत त्यांचं?

न्यानबाई : तुझे वडील सांगायचे तेच. दर वर्षी कुंडी ठेवताना म्हणायचे, ‘सण होईपर्यंत बघा, सण झाला की खा.’ ते गेल्यापासून मी काही केलं नव्हतं. एकटीसाठी कोण करतं? यंदा माझी नात बोंग आलीय. नदीवरच्या वाऱ्यानं खोकला धरला पोरीनं. मग खडीसाखरेत वाफवून बरण्यांत भरली. सालीसकट.

त्वान : सालीसकट?

न्यानबाई : साल काढली तर राहतं काय? लिंबाएवढं तर फळ.

त्वान : बाई, ती बरणी मला द्याल? माझाही घसा जरा...

न्यानबाई : घसा? गल्लीच्या तोंडापासून हाका मारत आलास की. बरं, अर्धी ने.

त्वान : सगळीच द्या.

न्यानबाई : सगळी? सहावीत होतास तेव्हा एवढा हावरा नव्हतास. पोरीला मग काय देऊ? अरे, चहा सांडला बघ.

त्वान : अजून कुणाला दिलंय?

न्यानबाई : एक बरणी खालच्या विन्हआजोबांना. त्यांचा दमा तुला माहीत आहे.

त्वान : अरे देवा. त्यांनाही.

न्यानबाई : त्यांनाही म्हणजे? गणितात तू हेच करायचास. उत्तर आधी लिहायचं आणि रीत गायब. रीत सांग.

त्वान : ती खायची नसतात, बाई.

न्यानबाई : कोणती?

त्वान : ही शोभेची. वडील गेले त्या वर्षी पूर आला, सगळा मळा नदीनं धुऊन नेला. पुन्हा उभा केला तेव्हापासून मी फवारतो. ऐन सणाला पिवळी धमक व्हावीत, गळू नयेत म्हणून एक औषध. किडीला दुसरं. वरून चमक यावी म्हणून तिसरं. शेवटचं तर सणाच्या पाच दिवस आधी मारलं. सगळं सालीवर. म्हणलं, लोक नुसती बघतात, खातंय कोण...

(न्यानबाई उठून जिन्यापाशी जातात. वर नात झोपली आहे. तिचा खोकण्याचा आवाज येतो. थांबतो. त्या परत येऊन बसतात.)

न्यानबाई : पाच रात्री. रोज दोन चमचे, माझ्या हातानं. गोड लागतं म्हणून ती तिसरा मागायची. तोही दिला.

त्वान : बाई, पट्टी घ्या आणि मारा मला.

न्यानबाई : मारून काय होणार? तो कागद घे. तिन्ही औषधांची नावं लिही, बाटलीवर आहेत तशी, पूर्ण. डॉक्टरला दाखवायची आहेत. मी हानला फोन करते. तिचंच लेकरू, तिला आधी कळायला हवं.

त्वान : ताईंना काय सांगाल?

न्यानबाई : मी दिलं, हे सांगेन. लिही. खाडाखोड नको.

त्वान : लिहितो. दवाखान्यात मी नेतो गाडीवरून. झाड राहू दे इथंच.

न्यानबाई : आधी खाली जाऊन विन्हआजोबांची बरणी आण. काय सांगायचं ते तूच सांग. त्यांनाही दवाखान्यात न्यायचंय.

त्वान : सांगतो. खरं तेच सांगतो.

न्यानबाई : थांब. तोडताना चार फळांना तार सापडली मला. बारीक, हिरवी.

त्वान : समोरून विरळ दिसत होतं. दुसऱ्या झाडाची आणून बांधली.

न्यानबाई : मला वाटलं, फांदीला भार पेलावा म्हणून आधार दिला असेल. माझा विद्यार्थी, म्हणून तसं वाटलं. दुसऱ्या कुणाचं झाड असतं तर मी हुंगून बघितलं असतं, त्वान.

त्वान : वडिलांचं म्हणणं होतं, मळ्यातलं पहिलं झाड बाईंकडे. म्हणून सगळ्यांत देखणं होतं ते निवडलं. तुमच्या दिवाणखान्यात शोभावं. खोटं नाही बोलत.

न्यानबाई : तुझी पोरं खोकली की काय देतोस?

त्वान : घरामागं एक झाड आहे. वडिलांनी लावलेलं. पुरातून तेवढं वाचलं. त्यावर काही मारत नाही.

न्यानबाई : ते मला माहीत नव्हतं.

त्वान : दिसायला वाईट आहे, बाई. वाकडं, पानांना भोकं. ते कसं आणणार होतो तुमच्याकडे? पुढच्या वर्षी तेच आणतो. वडिलांची शपथ.

न्यानबाई : त्यांना कशाला मध्ये घेतोस? त्यावर आत्ता फळं आहेत?

त्वान : वीसेक असतील. बारकी, डागाळलेली.

न्यानबाई : दवाखान्यातून आलो की घेऊन ये.

त्वान : माझ्या हातचं अजून घ्याल?

न्यानबाई : तुझ्या पोरांना देतोस, त्यातलंच आण. पोरीचा खोकला अजून गेलेला नाही.