तुंड्यासमोर न बोलायचे दोन शब्द

—आवो पाव्हनं, मागं सरा! मागं, मागं, साखळीच्या पल्ल्याभाईर! — हां. बसा आता. दावा बरं गुडगा. खरचटलंय नुसतं, पायजम्याचं तेवढं भरीत झालं. न्हाई वो, चावाय न्हाई आला. चावाय आला असता तर तुमी असं बसून माझ्याकडं बगितलं नसतं. पळाय उठला त्यो, आनि वाटंत तुमी आलात, एवढंच. दोष त्याचा न्हाई, तुमचा बी न्हाई. तुमी आपलं साधं इचारलं, इकायचं… ते तसं. घोडेगावच्या बाजारात जनावरापशी थांबून मानूस दुसरं काय इचारनार? पन त्ये दोन शब्द एकाला एक चिकटवून परत काडू नका तोंडातनं, हात जोडतो.

बगा, दावतो. ‘हाय.’ — हालला? न्हाई हालला. ‘का.’ — कान टवकारलं, बाकी काय न्हाई. सुटं सुटं दिसभर म्हना. जोडलं की संपलं. ह्या जातीच्या कुत्र्याला ‘पळ’ म्हनायचा एक इंग्लिश शब्द असतोय — शेरातली मानसं पाठीवर पिशवी टाकून डोंगरात हिंडाय जात्यात, त्याला काय म्हनत्यात? ट्रेक न्हवं, दुसरा. मनात म्हना, मनात! — तोच. आता तुमीच जुळवून बगा, त्या शब्दात आनि आपल्या दोन शब्दांत फरक तरी कितीसा पडतोय. माझ्या मालकानं, समर्थदादानं, पिल्लू हुतं तवापासनं त्याला तेवढंच शिकवलं. त्यो शब्द कानावर पडला की म्होरं भिंत असू द्या, दरी असू द्या, जीव खाऊन वडायचं. नाव टुंड्रा ठेवल्तं, मी तुंड्या म्हनतो. हस्की. बरफातलं कुत्रं. म्हनून ह्ये वलं पोतं टाकलंय त्याच्या खाली, फाल्गुनाचं ऊन बी सोसत न्हाई त्याला.

मानूसमारं कुत्रं म्हनत्यात ते ह्येच व्हय, असं आलं न्हवं मनात? आलं, तोंडावर दिसतंय. राहात्यापासनं हितपोतुर समद्यास्नी ठावं हाय. मोबाईलवर बी आल्तं. तर ऐका, लपवत न्हाई. समर्थदादाच्या थोरल्या भावानं मला आजचा दिस दिलाय. आज कोनी नेलं तर नेलं, न्हाईतर उद्या सकाळी डॉक्टर सुई घेऊन येनार, की खेळ खलास. बाजारात समदी बैल-म्हशी बगाय येत्यात, ह्याच्यापशी येऊन नुसता फोटू काडत्यात. सकाळपासनं तुमी एकलं टेकला. तुमच्याकडं तंबाखू आहे का? — हसा, हसा. जामखेडचा गडी असून ‘आहे का’ म्हनतोय म्हून हसताय न्हवं? त्याचीच तर गोष्ट हाय.

मी मूळचा ऊसतोडीतला, नाव कल्याण. बारा वर्सं बैलगाडी हाकली, उसानं भरलेली गाडी उतारावर आवरून धरायची म्हंजे काय ते ज्याचं त्याला ठावं. कारखान्याच्या वाटंवर एक दिस समर्थदादाची ही दोन कुत्री उधळली — हा तुंड्या आनि दुसरी लुना. व्हय, गाडी असती ती लुना, तेच नाव. दोर धरनारा गडी डांबरावरनं फरफटत, कोपराचं हाड दिसाय लागलं, तरी कुत्री थांबनात. मी गाडीवरनं उडी टाकली, दोर कमरंला गुंडाळला, टाचा रवल्या आनि बसलो. थांबली. दादा हसत आला, म्हनला, तू माझ्याकडं ये. मोठं घर, पेरू-डाळिंबाच्या बागा, कुत्र्यास्नी एसीची खोली. आपलं घर पत्र्याचं. गेलो.

थंडी पडली की ह्यांचा खेळ सुरू. मार्गशीर्ष लागला की दर रविवारी उजाडताना आपल्या नगरकडच्या अकोल्याच्या डोंगरात. पुन्या-नाशकाची मानसं आपापली कुत्री घेऊन यायची, कुत्र्यांच्या पाठीवर पिशव्या, मानसांच्या हातात मोबाईल, आनि म्होरं कुत्री वडनार, मागं हे पळनार. पौषात मंग समदा लवाजमा एसीच्या गाडीत घालून मनालीच्या वर, बरफात. तिथं पायाला दोन लांब फळ्या बांदायच्या, कमरंला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराला कुत्रं. त्यानं वडायचं, आपन घसरायचं. आमच्याकडं मेलेलं जनावर वडून न्हेत्यात, हितं जिता मानूस हौसंनं वडून घ्येतोय. मला लई हसू यायचं. हसू यायचं त्ये पयल्या वर्सी.

पयल्याच वर्सी काय झालं, दादा डोंगरात दगडावर बसून बूट बांदत हुता, दोर मनगटाला. मी थर्मास घेऊन गेलो आनि इचारलं, दादा, च्या घ्यायचा… तुमी मगाशी इचारलं तसं. दोनी कुत्री सुटली. दादा तोंडावर आपटला, हनुवटी फाटली, समद्या पाव्हन्यांसमोर. उठला, आनि बरफावर टेकायची ती चिपाडागत हलकी काठी असती न्हवं, लोखंडी टोकाची, ती घातली माझ्या तोंडावर. ह्ये बगा — ह्ये दोन दात तवाचं. रगात आलं ते थुकाय बी दिलं न्हाई, गीळ म्हनला. आनि वरनं म्हनला, माझ्या कुत्र्यांपुढं गावंढळ बोलायचं न्हाई. नीट ‘आहे का’ म्हनायचं, मानसात बोलत्यात तसं.

मंग शिकलो. दातच पडल्यावर जीभ कुटं जानार? पानी आहे का, भाकरी आहे का, कोन आहे का. पयलं म्हैना-दीड म्हैना काठीचं वळ असायचं पाठीवर, मंग बसली जीभ. तीन वर्सांत एकदा बी चुकलो न्हाई बगा. झोपंत बडबडलो तरी ‘आहे का’ म्हनतो, असं बायको सांगायची. — काय? न्हाई, चुकलो न्हाई म्हंजे… तसं न्हवं. त्या दिशी चुकलो की. मानसाची जीभ हाय, चुकती एकांद्या दिशी. पोलिसांनी बी तेच लिवलंय.

बायकोचं नाव काडलं म्हून सांगतो. पंकजा. ती एकदा राहात्याला आली भेटाय, डोक्यावर बाजरीचं गठुडं, आनि फाटकातनं हाक मारली — घरात कोन… अशी. बाई मानूस, आपली रीत हाय, दारात आलं की तेच म्हनायचं. कुत्री साखळीला न्हवती. तिच्या अंगावरनं गेली. दंडाचं मांस फाटकाच्या पत्र्यानं हितनं हितवर उचकटलं, बाजरी समदी रगतात. आनि दादा व्हरांड्यात उबा. हसत हुता. मला म्हनला, तुझ्या बायकोला बी शिकीव. मी काय केलं म्हाइती? मी पळत गेलो, तिला उठवली, आनि तिच्या थोबाडीत दिली. हो. दंडातनं रगात चाललंय आनि मी थोबाडीत देतोय, म्हनतोय, नीट बोलता येत न्हाई तुला? तिनं माझ्याकडं बगितलं. बाजरी भरली, दंडाला पदर बांदला, आनि मागारी गेली. आजून आलेली न्हाई. दादानं मारलं ते इसरलो असतो. पन ह्यो हात… ऱ्हाऊ द्या.

लुनाचं सांगतो. औंदा पौषात लुना गाबन हुती. मी गाडीतच सांगितलं दादाला, हिला आनू नका, पोट खाली आलंय. दादा म्हनला, व्यायाम व्हईल. वर गेल्यावर तिला दोराला लावली, तर ती बसली. बरफात बसली आनि उठंना. त्यो शब्द टाकला, उठली, चार पावलं वडली, परत बसली. मागं चार मानसं मोबाईल धरून उभी. दादाच्या डोक्यात गेलं. काठी उचलली. पयल्यांदा पाठीत, मंग बरगड्यांत, मंग पोटात. काठी वाकली, तर फळी काडली पायातली. ती वरडली बी न्हाई शेवटाला, नुसती माझ्याकडं बगत हुती. बरफ गुलाबी झाला, मंग लाल. आनि मी तुंड्याचा पट्टा धरून उबा. लोकं म्हनत्यात, कल्याण नुसता बगत ऱ्हायला. आवो, मी पट्टा सोडला असता तर तुंड्यानं तिथंच दादाचं नरडं फोडलं असतं! लुना त्याची जोडीन हुती. माझ्या हाताची साल निघाली, पन सोडला न्हाई. त्या टायमाला दादाला मी वाचवला, ह्ये कोनी सांगत न्हाई.

मानसं निघून गेली. दादानं तोंड धुतलं, च्या पिला. मला म्हनला, हिला दे लोटून खाली, आनि तुंड्याला जुंप, येवढ्या लांब येऊन काय तोंड बगत बसायचं? जुंपला. त्याच्या पायांना लुनाचं रगात लागलेलं, त्यो वास घेतोय, थरथर कापतोय. दादानं पट्टा कमरंला लावला, दोर आडकवला. उजव्या अंगाला सपाट बरफ हुता, तिकडं जायचं हुतं. डाव्या अंगाला उतार, लई उबा, आनि खाली धोंडं. तुंड्याचं तोंड आजून डावीकडंच हुतं, कारन लुना तिकडंच उताराच्या काठावर पडल्ती, मी लोटली न्हवती. दादा खाली वाकून फळीचा खटका बसवत हुता. मी धा पावलांवर. आनि मला दिसलं, पट्ट्याला पाठीमागनं पिळा पडलाय. तवा काळजीनं इचारलं मी. काळजीनंच, आईची आन. म्हनलं, दादा, पट्टा नीट बसलेला… आनि पुडचं दोन शब्द तुमाला ठावं झालंत.

दादानं मान वर केली. वळाकलं त्यानं. शब्द नव्हं, मला वळाकलं. तवर तुंड्या गेला. पयल्या हिसक्याला दादा आडवा, एक फळी वर उडाली, दुसरी पायातच, पाय उलटा फिरला, मोडल्याचा आवाज मला आला. मंग उतार. त्यो वडतोय, ह्यो लोळतोय, हातमोज्याच्या हातानं पट्ट्याचा खटका चाचपतोय, घावंना. मला हाका मारत हुता पयल्या पयल्यांदा. कल्याण, कल्याण. मंग तोंडात बरफ भरला. पयल्या धोंड्यावर खांदा आपटला, दुसऱ्यावर डोस्कं. नारळ फोडतो आपन, तसा आवाज. दोर तुटला तवा तुंड्या थांबला, मागारी फिरला, आनि दादापशी न जाता वर लुनापशी येऊन बसला. आता मला सांगा, ह्यात ह्या मुक्या जितराबाचा काय दोष? त्याला पळ म्हनलं, त्यो पळाला. ह्याला सुई टोचायची?

— घेता? खरंच घेता? देवासारखं आलात, पाव्हनं. पैशाचं कायबी बोलू नका, नुसतं न्या. सावली द्या, पानी द्या, आनि घरच्यांस्नी बोलायचं शिकवा. हात फिरवा की, भ्या नका. — काय म्हनलात? थांबवायचं कसं? बरूबर, घेनारानं ते इचारलंच पायजे. त्याला बी शब्द हाय. इंग्लिशच, पन आपलाच वाटतोय, बैल उधळला की आपन म्हनतो न्हवं, होऽ — बगा! बसला. बगितलं? नुसतं तुमाला सांगाय म्हनलं, तर बसला. दोनशे पावलावरनं ऐकतोय त्यो. कसा बी उतार असू द्या, म्होरं मटन असू द्या, चारी पाय रवनार आनि जागच्या जागी. कवाच चुकत न्हाई, मीच तर शिकवलाय…

व्हय.

व्हय, त्या दिशी बी थांबला असता. लांब हुता पयला धोंडा. गाडीवानाला तर ते म्हनाय बी लागत न्हाई, जनावर उधळलं की तोंडातनं आपसूक निघतंय, बारा वर्सांची सवं. त्या दिशी बी आलं. हितवर, ह्या पडलेल्या दातांपोतुर आलं. हात तोंडात कोंबला मी. चावला. ह्यो अंगठा आजून वाकत न्हाई, बगा. दुसऱ्या धोंड्यापोतुर तसाच चावून धरला, मंग सोडला.

असं काय बगताय? घ्या साखळी. घ्या म्हनतो न्हवं! कुत्रं चांगलं हाय, सांगितलेलं ऐकतं. जावा. च्या नगं, तंबाखू नगं, कायबी नगं. तुमी आदी जावा हितनं.