बंद मूठ

मी एबो क्वान्साह, वय ४७ वर्षे, धंदा शिंपीकाम, राहणार ताकोराडी, घाना. आज दि. २८ डिसेंबर रोजी सकाळी पावणेनऊ वाजता, कोणी बोलावलेले नसताना, ठाण्यात समक्ष येऊन सांगतो की, काल मी येथेच दिलेला जबाब खोटा आहे.

नाताळच्या सुट्टीत मी व माझी पत्नी अराबा माकडांचे अभयारण्य पाहण्यास या गावी आलो. काल सकाळी दहाच्या सुमारास वाटाडे ओपोकू दामोआ, वय अंदाजे साठ, आम्हाला रानात घेऊन गेले. गावात त्यांना सगळे मामा म्हणतात, म्हणून अराबाही म्हणू लागली. येथील माकडे माणसाळलेली आहेत. गावकरी त्यांना आपले वाडवडील मानतात. मामांनी शेंगदाणे देऊन बजावले, "हात उघडा ठेवा. मूठ मिटली की त्यांना ती थट्टा वाटते."

एक माकडीण अराबाच्या खांद्यावर बसून तिच्या तळहातावरचे दाणे खाऊ लागली. अराबा हसत होती. आमच्या लग्नाला बावीस वर्षे झाली. तिला असे हसताना मी पुष्कळ दिवसांत पाहिले नव्हते. माझ्याकडे एकही माकड येईना. सोबत आलेल्या इतर पर्यटकांपैकी कोणी म्हणाले, "शिंपीदादा, तुमचं माप काही त्यांना पटलेलं दिसत नाही!" सगळे हसले, अराबाही हसली.

मी दाणे मुठीत मिटून माकडिणीपुढे धरले. ती माझी बोटे सोडवू लागली. मी दोनदा हात मागे ओढला. मामा म्हणाले, "जावईबापू, नको." त्यावर मी तिची शेपूट ओढली. तिने अराबाच्या मनगटाचा चावा घेतला.

लोक धावत आले. मी बोट दाखवून म्हणालो, "या म्हाताऱ्याने शेपूट ओढली." मामा म्हणाले, "मी?"

दवाखान्यात नर्सबाईंनी अराबाला विचारले, "कसं झालं हे?" ती म्हणाली, "यांना विचारा." मी तेच पुन्हा सांगितले. नंतर येथे येऊन तेच लिहून दिले. सायंकाळी गावच्या पंचांनी मामांना रानात पाऊल टाकण्यास बंदी केली. वाटाड्याच्या कामाच्या एकतीस वर्षांत त्यांच्याकडे कधी कोणी बोट दाखवले नव्हते, असे आम्ही उतरलो त्या लॉजच्या बाईंनी वाढताना सांगितले. अराबा जेवली नाही.

आज सकाळी मी मामांच्या घरी गेलो. ते अंगणात नुसते बसून होते. मी खरे काय ते सांगितले. ते म्हणाले, "मला कशाला सांगतोस? मला ठाऊकच आहे." मग म्हणाले, "पंचांपुढे बोल. आणि बायकोसमोर बोल."

अराबा ठाण्याबाहेर बाकावर बसली आहे. जबाब वाचण्याआधी हवालदार दार लावू लागले. ते उघडे ठेवा व मोठ्याने वाचा, असे मीच सांगितले. जबाब मला माझ्या फान्ते भाषेत बाकापर्यंत ऐकू जाईल असा वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे, एक शब्दही कमी करावयाचा नाही. येथून पंचांकडे जात आहे.

सही : एबो क्वान्साह